मोटारीमागे जोडण्याचे 'थेंबघर'

रत्नागिरी - आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना मुक्कामाची खोलीच मोटारीमागे जोडून नेता आली तर, असा विचार अनेकांच्या मनात येतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेला 'टीअरड्रॉप ट्रेलर' म्हणजे नेमकी अशी खोली. बाजूने पाहता थेंबासारखा आकार, आत दोघांपुरते अंथरूण आणि मागचे झाकण उचलताच स्वयंपाकाचा ओटा. उभे राहण्याइतकी उंची मात्र नाही! 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकाने १९४७ मध्ये त्याचा आराखडा छापला. बाजूची भिंत ८ बाय ४ फुटांच्या एकाच प्लायवुडमधून निघते, हे त्याचे गमक. हेच माप आपल्याकडेही सर्रास मिळते.

कोकणात खरा शत्रू पाऊस आणि खारी हवा. साध्या प्लायवुडचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे 'आयएस ७१०' प्रतीचे मरीन प्लायवुड, सांध्यांना इपॉक्सीचा लेप आणि गॅल्व्हनाइज्ड सांगाडा हवा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या आकड्यावर यावा. तो कमी पडल्यास आंबा घाटाच्या उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागण्याचा धोका असतो.

हौसेची कसोटी मात्र कागदावर लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच असल्याने नोंदणीशिवाय ते रस्त्यावर आणता येत नाही. त्यासाठी पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या चाचणी संस्थेच्या मान्यतेचा प्रश्न येतो. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, तरी नोंदणीची अट सुटलेली नाही. म्हणून आरटीओतील चौकशी लोखंड खरेदीपूर्वीच करावी. जोडलेला सांगाडा पुन्हा कापणे महागात पडते.