नाव कोरणाऱ्यांचे काय करावे?

माझे गाव सौंसर. या महाविद्यालयात आल्यापासून "हे कुठे आले?" या प्रश्नाचे उत्तर मी किमान शंभर वेळा दिले असेल. नागपूरहून छिंदवाड्याला निघाले की मध्य प्रदेशात शिरल्यावर वाटेत लागणारे हे संत्र्यांचे गाव. शेजारचे पांढुर्णा नागपूर–इटारसी लोहमार्गावर आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. तेव्हापासून घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा आमचा संसार चालू आहे. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. एवढे सांगून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे ते दगड मारणारे तुम्हीच ना?" होय, आम्हीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. पण आज मला दगड मारण्याविषयी लिहायचे नाही. दगडावर, भिंतीवर आणि खेळण्यांवर नावे लिहिण्याविषयी लिहायचे आहे, आणि त्यातला मी तज्ज्ञ आहे, कारण मी स्वतः तो उद्योग केला आहे.

आमच्या भागातल्या एका बालोद्यानात सिमेंटचा हत्ती होता. शेपटीकडून पायऱ्या चढायच्या आणि सोंडेवरून घसरत खाली यायचे. मी सातवीत होतो. कंपासपेटीतले कर्कटक खिशात होते आणि घसरायला रांग मोठी होती. हत्तीच्या कानामागे मी माझे नाव कोरले, खाली वर्गही घातला. (तुकडी घालायला जागा उरली नाही, याची तेव्हा हळहळ वाटली होती.) त्यानंतर दर वर्षी तान्हा पोळा झाला की बोजाऱ्याचे पैसे खिशात घालून मी त्या बागेत जात असे. घसरायला नव्हे, नाव आहे की नाही ते पाहायला. ते असे. दर वर्षी त्याच्या शेजारी आणखी दहा-बारा नावे आलेली असत, दोन बदाम आणि एखादा बाणही असे.

मित्रहो, या उद्योगाचे मर्म या 'पाहायला जाण्यात' आहे असे मला वाटते. लिहिणाऱ्याला लिहिण्यात फारसा आनंद नसतो. आपले लिहिलेले टिकले यात असतो. आपल्याकडे तर नाव घालण्याची हौस घराघरांत आहे. भांड्यांच्या दुकानात स्टीलचे पातेले घेतले की दुकानदार ते किर्र आवाज करणारे यंत्र काढतो आणि "कोणाचे नाव टाकू?" असे विचारतो. देवळातला पंखा फिरायचा थांबला की पात्यावर कोणाच्या तरी स्मरणार्थ अर्पण केल्याचा मजकूर दिसतो. अशा वातावरणात वाढलेल्या पोराला हत्तीचा कान कोरा दिसला तर त्याचे हात शिवशिवणारच. हे समर्थन म्हणून सांगत नाही. रोग समजल्याशिवाय औषध देता येत नाही, म्हणून सांगतो.

हा रोग आजचा नाही, आणि आपल्या एकट्याचाही नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या घोडदळातला एक इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला असता अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला. दहाव्या लेण्यात शिरून त्याने काय केले? खांबावरच्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली! आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर आहे, कारण तेव्हा लेण्यात पाच-एक फूट माती-दगड साचलेले होते आणि साहेब त्यावर उभे होते. अजिंठा जगापुढे आणल्याचे श्रेय आणि अजिंठा विद्रूप केल्याचा पुरावा, दोन्ही एकाच सहीने एकाच माणसाच्या खात्यावर जमा आहेत.

आता हत्तीकडे वळतो. मी नववीत असताना एका पावसाळ्यानंतर हत्तीच्या कानाला तडा गेला, पुढच्या वर्षी कानाचा एक तुकडा गळून पडला. आत लोखंडी जाळी दिसू लागली, तांबडी आणि फुगलेली. असे का झाले, ते मला पुढे रसायनशास्त्राच्या पुस्तकात कळले. असे पुतळे लोखंडी सळ्या-जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवून करतात आणि वर तैलरंग देतात. रंगाचा थर पावसाला अडवतो. तो खरवडला की पाणी गिलाव्यात मुरते आणि हळूहळू जाळीपर्यंत जाते. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि आतून सिमेंटला फोडतो. माझ्या एकट्याच्या कर्कटकाने एवढे झाले नसते. पण त्या कानामागे शंभरावर नावे होती, काही खिळ्याने खोल कोरलेली, आणि त्यांतले पहिल्या रांगेतले एक माझे होते. तुकडा पडल्यावर हत्तीभोवती दोरी बांधून तो बंद केला. माझी धाकटी बहीण तेव्हा पहिलीत होती. हत्तीवर बसवीन असे मी तिला कबूल केले होते. ती दोरीपाशी उभी राहून विचारत होती, "दादा, कोनं तोडला याले?" मी उत्तर दिले नाही.

मोठी करमणूक उद्याने या दुखण्यावर काय करतात, याची तेव्हापासून मला उत्सुकता लागली. मुंबईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली. पण या धंद्याचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतले डिस्नेलँड, १९५५ सालचे. तेथे दरवाजे बंद झाल्यावर रात्रपाळीची माणसे कामाला लागतात. ती धुतात, पुसतात, खरचटलेल्या जागी रंग लावतात. सकाळी येणाऱ्याला कालच्या गर्दीची खूण दिसू नये, हा हेतू. म्हणजे नाव लिहिणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी पाहायला मिळतच नाही.

हीच युक्ती न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने फार मोठ्या प्रमाणावर वापरली. तेथे १९७० च्या दशकात डब्यांवर आत-बाहेर इतकी रंगरंगोटी होत असे की खिडकीतून स्टेशन दिसू नये. पहारे झाले, कुंपणे झाली, उपयोग थोडा. १९८४ पासून त्यांनी वेगळा नियम केला: एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगवलेल्या अवस्थेत धावू द्यायचा नाही. कोणी रंगवला तर तो पुसून होईपर्यंत गाडीला जोडायचा नाही. रात्रभर जागून रंगवणाऱ्या पोरांना आपले चित्र शहरभर फिरताना पाहायचे असे, आणि तेच मिळेना. १२ मे १९८९ रोजी अखेरची रंगवलेली गाडी सेवेतून काढली. सहा हजारांच्या आसपास डबे आणि पाच वर्षे! नेट लावावा तर असा.

पाटी लावून भागत नाही, यालाही पुरावा आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात काही संशोधकांनी एक प्रयोग केला. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. एका गल्लीत लोक सायकली लावत. तेथे 'भिंतीवर लिहू नका' अशी खूण ठळक लावलेली होती. प्रत्येक सायकलीच्या मुठीला एक जाहिरातीचा कागद अडकवला. जवळपास कचराकुंडी नव्हती. भिंत स्वच्छ असताना शेकडा ३३ जणांनी तो कागद तेथेच टाकला. भिंतीवर रेघोट्या मारून ठेवल्या तेव्हा शेकडा ६९ जणांनी टाकला. खूण दोन्ही वेळा तीच होती! माणूस पाटी वाचत नाही, भिंत वाचतो. आमच्या बागेतही 'हत्तीवर लिहू नये' अशी पाटी होती, आणि त्या पाटीवर सर्वांत जास्त नावे होती.

तेव्हा पहिली गोष्ट ही की लिहिलेले लवकर काढावे, दोन दिवसांच्या आत काढता आले तर उत्तमच. शाईपेनाचे किंवा रंगाचे लिखाण जितके ताजे तितके सोपे. दुसरी गोष्ट जागेची. लोक कोठे कोरतात? जेथे रांगेत थांबावे लागते तेथे, कारण हात रिकामे असतात आणि खिशात नाणे किंवा किल्ली असते. मी स्वतः रांगेतच कोरले. म्हणून रांगेच्या बाजूची भिंत गुळगुळीत पांढरी ठेवणे म्हणजे फळा आणि खडू हातात देण्यासारखे आहे. ती खडबडीत करावी, नक्षीची करावी किंवा तिच्यावर वेल चढवावा. रांगेत पाहण्यासारखे काही ठेवले तर आणखी बरे. तिसरे, भिंतीवर रक्षक लेप देता येतो. एक प्रकार मेणासारखा असतो. तो गरम पाण्याने वरच्या लिखाणासकट निघून जातो आणि पुन्हा द्यावा लागतो. दुसरा प्रकार पक्का असतो. त्यावरचे लिखाण द्रावणाने पुसले तरी लेप राहतो. कोरलेल्यावर मात्र कोणताही लेप चालत नाही. तेथे लांबी भरून, घासून, पुन्हा रंगच द्यावा लागतो.

येथे एक सावधगिरीची सूचना, आणि तीही अनुभवाची. बारावीनंतरच्या सुट्टीत पश्चात्तापाचा झटका येऊन आम्ही चार मित्र एका जुन्या दगडी विहिरीवरची नावे पुसायला गेलो. तारेचे ब्रश आणि संडास धुण्याचे ॲसिड घेऊन! दोन तासांत नावे फिकी झाली, आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. पावसाळ्यानंतर पाहतो तो दगडांमधला चुना जागोजागी सुटलेला. ॲसिड चुन्याला खाते ही गोष्ट आम्ही प्रयोगशाळेत फेस पाहून शिकलो होतो, पण विहिरीवर ती आठवली नाही. नावे लिहिणाऱ्यांनी शंभर वर्षांत केले नसेल तेवढे नुकसान आम्ही नावे पुसताना केले. सिमेंटच्या हत्तीला ब्रश चालतो. जुन्या बांधकामाला हात लावण्याआधी जाणकाराला विचारावे.

शिक्षेचे काय? कायदे आहेत. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना इजा केली तर १९५८ च्या कायद्यात तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होता. २०१० च्या दुरुस्तीने तो दोन वर्षे आणि एक लाखापर्यंत गेला. आमच्या मध्य प्रदेशात मालकाच्या परवानगीवाचून भिंत विद्रूप करणाऱ्याला १९९४ च्या कायद्याने एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण सातवीतल्या पोराला तुरुंगात कोण घालणार? आणि घालूही नये. मला पटलेला न्याय या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या मित्रांच्या मुलखातला आहे. २०१९ साली हंपीला काही तरुणांनी एका देवळाच्या आवारातला दगडी खांब ढकलून पाडला आणि त्याचे चित्रीकरणही प्रसृत झाले. न्यायालयाने चौघांना प्रत्येकी सत्तर हजार रुपये दंड केला आणि पाडलेले पुन्हा उभे करायला लावले. पुरातत्त्व खात्याच्या माणसांसमोर त्यांनी ते उभे केले. खांब ढकलायला क्षण लागतो. उचलून बसवताना त्याचे वजन कळते.

हे सारे आता लिहिण्याचे कारण आमच्या गावाजवळच आहे. सौंसर तालुक्यातल्या जामसावळीला पहुडलेल्या हनुमंताचे प्रसिद्ध देवस्थान आहे. तेथे उज्जैनच्या महाकाल लोकाच्या धर्तीवर हनुमान लोक उभारण्यासाठी २०२३ साली भूमिपूजन झाले. म्हणजे नव्या भिंती आणि मोठे प्रांगण आले, आणि दर शनिवार-मंगळवारी लांब रांगाही आल्या. श्रद्धेने आलेला माणूस नाव कोरत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने कोणत्याही देवळाची मागची भिंत पाहावी. नवसाचा हळदीचा पंजा आणि कोळशाने लिहिलेला परीक्षेचा क्रमांक तेथे शेजारी शेजारी असतात. पंजाला मी नावे ठेवणार नाही, त्याला रीत आहे. पण रीत असलेल्या गोष्टीसाठी जागा नेमून देता येते. नवसाची एक भिंत वेगळी ठेवावी आणि ती ठरलेल्या दिवशी चुन्याने सारवावी, म्हणजे उरलेल्या भिंती वाचतील. गेल्या सुट्टीत मी हे गावातल्या काही वडीलधाऱ्यांपुढे बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि "आधी तुझा हत्ती दुरुस्त कर" असे सांगितले. माझी कीर्ती तेथवर पोहोचली होती!

मग मी गेलो. हत्तीचा कान दोन वर्षांपूर्वी गवंड्याने नवा बसवला होता आणि पोरे पुन्हा घसरत होती. नव्या कानावर सात नावे होती. बागेच्या चौकीदारबाबाजींनी रंगाचा डबा काढून दिला आणि मला विचारले, "तू त्याच पोट्ट्यांतला ना बे?" मी हो म्हटले. त्या सुट्टीत दर रविवारी संध्याकाळी मी कान रंगवला. पहिल्या रविवारी सात नावे, दुसऱ्या रविवारी पाच, चौथ्या रविवारी एक. नंतर माझी सुट्टी संपली. आता धाकटी बहीण रविवारी ब्रश घेऊन जाते. नावे किती होती ते ती फोनवर कळवते. मागच्या आठवड्यात दोन होती, त्यांतले एक तिच्याच वर्गातले निघाले. त्या मुलाला तिने पुढच्या रविवारी बोलावले आहे, आणि येताना घरचा ब्रश आणायला सांगितले आहे.