मुंबईच्या समुद्रातली चपटी शेवंड गेली कुठे?

शेवंड म्हटलं की लांबलचक मिशा आणि काटेरी पाठ डोळ्यांसमोर येते. पण तिचा एक नातेवाईक असाही आहे, जो पाहिल्यावर वाटतं, याच्यावर कुणीतरी पाय दिला असावा. चपटा, तपकिरी, चपलेच्या आकाराचा. हा स्लिपर लॉब्स्टर. भारताच्या किनाऱ्यावर मिळणारी त्याची मुख्य जात म्हणजे सँड लॉब्स्टर, शास्त्रीय नाव थेनस युनिमॅक्युलेटस.

याला मिशा दिसत नाहीत, पण त्या आहेत. तोंडापुढच्या फावड्यासारख्या रुंद पाट्या म्हणजेच मिशा! नांग्या मात्र खरोखरच नाहीत. तरी गडी शिंपल्या खातो. पायांची टोकं फटीत खुपसून शिंपली हळूहळू फाकवतो आणि आतलं मांस काढतो. दिवसा वाळूत किंवा चिखलात अंग पुरून बसायचं, रात्री चरायला निघायचं. शत्रू आलाच, तर शेपटीचे फटकारे मारत उलटा पळतो.

पिल्लांची तऱ्हा तर आणखी न्यारी. मादी पोटाखाली हजारो अंडी सांभाळते. त्यातून निघणारं पिल्लू पानासारखं पातळ आणि काचेसारखं पारदर्शक असतं. ते चक्क जेलीफिशवर स्वार होऊन फिरतं, वर तिलाच खातं. काटेरी शेवंडीच्या पिल्लांना या अवस्थेत कित्येक महिने काढावे लागतात. सँड लॉब्स्टरचं पिल्लू साधारण चार आठवड्यांत तळाशी उतरतं.

आणि तळाशीच घात झाला. मऊ, सपाट तळ हीच कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांची जागा. ऐंशीच्या दशकात मुंबईत सँड लॉब्स्टर टनावारी उतरत होता. चव उत्तम, परदेशात मागणी, त्यामुळे अंडी असलेल्या माद्याही सुटल्या नाहीत. पुढची पिढीच जन्मेना. १९९४ पर्यंत मुंबईतली ही मासेमारी कोसळली.

२००३ मध्ये केंद्राने १५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या सँड लॉब्स्टरच्या निर्यातीला बंदी घातली. दुसरीकडे, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चेन्नईजवळ कोवळमला अंड्यातून निघालेली पिल्लं टाक्यांमध्ये तळाशी उतरण्याच्या अवस्थेपर्यंत वाढवून दाखवली.