पांढऱ्यावर पांढरं, तेही पन्नाशीनंतर

लखनौच्या उत्तरेला सीतापूर रस्त्यालगत जानकीपुरम पसरलं आहे. विकास प्राधिकरणाने वसवलेली, सेक्टरांत विभागलेली ही वस्ती. लखनौ विद्यापीठाचा दुसरा परिसरही इथलाच. चिकनच्या भरतकामाचे जुने बाजार, चौक आणि अमीनाबाद, मात्र गोमतीपलीकडे. बदलीच्या नोकरीमुळे इकडे आलेली मराठी बाई कधी ना कधी तिकडे जातेच, आणि तिथल्या शुभ्र ढिगांपुढे थबकते.

थबकण्याला कारण आहे. आपल्याकडे बाईच्या कपड्याचा रंग तिने ठरवायचा नसे. हिरवा सवाष्णीचा, काळा संक्रांतीचा, आणि केशवपन केलेल्या विधवेच्या वाट्याला लाल आलवण. पांढरं लुगडंही पुढे वैधव्याशीच जोडलं गेलं. आलवण गेलं, पण ‘वयाला शोभेल असं’ हे पालुपद अजून आहे. ते कोणी म्हणायचीही गरज नसते, बाई स्वतःच फिकट साड्यांकडे वळते. इरावती कर्व्यांसारख्या एखादीनेच कुंकू-मंगळसूत्राशिवाय वावरत पुण्यात स्कूटर चालवली, तीही १९५० च्या दशकात.

लखनौत पांढऱ्याची गोष्ट वेगळी. मलमलीवर पांढऱ्या धाग्याचं काम हे चिकनचं जुनं, अस्सल रूप. ते ना शोकाचं, ना म्हातारपणाचं. इथली नखरेल तरुणी आणि सत्तरीची आजी एकाच दुकानात तोच पांढरा कुडता हातात धरून उभ्या असतात. पन्नाशीच्या बाईने इथून काही उचलायचं असेल तर ही बेफिकिरी उचलावी. मग तिने पांढरं घेतलं काय किंवा भडक राणी रंग घेतला काय, निवड तिची राहते.

शरीराचं गणित मात्र टाळता येत नाही. भारतात पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. अंगातून वाफा निघतात, कंबर भरते, दंड सैल पडतात, आणि लखनौचा मे-जून चाळिशीपार तापतो. अशा वेळी जॉर्जेट कितीही झुळझुळीत दिसलं तरी अंगाला चिकटतं. मलमल किंवा साधं सुती कापडच बरं. मलमल झिरझिरीत, म्हणून आत शमीज हवी. बाही कोपराखाली, गळा फार खोल नाही, आणि खांद्याची शिवण नेमकी खांद्याच्या हाडावर. बाकी सगळं सैल चालेल, खांदा उतरलेला चालत नाही. म्हणून दहा तयार कुडत्यांपेक्षा आपलं माप ओळखणारा एक शिंपी मोलाचा. पंचविशीचं माप त्याला देऊन ‘बारीक होणार आहे’ म्हणणं सोडावं, हे सांगायला नको.

कापड कळलं की काम कळावं लागतं. आधी लाकडी ठशाने निळीची नक्षी उमटवतात, त्यावर टाके पडतात, शेवटी धुताना निळी निघून जाते. बखिया उलट्या बाजूने भरतात, त्यामुळे वर नुसती सावली दिसते. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी उठते, फंदा त्याहून बारीक गाठ, आणि जाळीत धागे न कापता सुईने बाजूला सारतात. काकोरी, मलीहाबादच्या आसपासच्या बायका हे काम घरी बसून करतात, आणि दलालांच्या साखळीत मजुरी झिरपून जाते. १९८४ साली रूना बॅनर्जी यांनी लखनौत ‘सेवा’ ही संस्था उभारली ती याच दुखण्यावर. मुज़फ्फर अलींच्या ‘अंजुमन’ (१९८६) चित्रपटाचा विषयही चिकन कामगार बायकाच. लखनवी चिकनला भौगोलिक मानांकन २००८ मध्ये मिळालं. तरीही यंत्रावरचा माल ‘हाताचा’ म्हणून सर्रास विकला जातो.

सुधा मूर्तींनी काशीयात्रेनंतर साड्यांची खरेदीच सोडली, असं त्या मुलाखतींत सांगतात. तितकं जमलं नाही तरी कपाट अर्धं रिकामं केलं की उरलेलं अंगावर खुलतं, हे लक्षात येईल. वर्षाकाठी एकच कुडता घ्यावा, पण हाताचा.

तेव्हा अमीनाबादला गेलात तर कुडता आधी उलटा करून पाहा. मागे गाठी आणि थोडे वेडेवाकडे धागे दिसले तर तो हाताचा असण्याची शक्यता जास्त. सगळं एकसारखं असेल तर यंत्राचा. आणि हाताचा निघाला तर भाव करताना जरा हात आखडता घ्या, कारण तुम्ही पाडलेली किंमत दुकानदाराच्या नव्हे, काकोरीच्या बाईच्या मजुरीतून वजा होते.