किती देते? आधी भरलंय काय ते सांगा

पिकअप घ्यायला निघालेला माणूस रोह्याचा असो की पेणचा, टेम्पो स्टँडवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गाडी किती देते?" एक जण तेरा सांगतो, दुसरा सोळा, छोटा हत्तीवाला वीसच्या घरात नेऊन ठेवतो. तिघंही खरं बोलत असतात. मात्र एकाने पोह्याची पोती भरलेली असतात, दुसरा अर्धा वेळ रिकामा परततो आणि तिसऱ्याची गाडी धाटावच्या एमआयडीसीबाहेर फारशी जातच नाही. हे तीन आकडे शेजारी ठेवून गाडी निवडली, तर पुढे हप्ते भरताना हिशेब जुळत नाही. म्हणून लिटरला किती किलोमीटर यापेक्षा एक टन माल पोचवायला किती लिटर लागले, हे विचारायला हवं.

आधी कंपनीच्या आकड्याचं पाहू. तो खोटा नसतो, पण आपल्या कामाचा नसतो. एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगाने पळवतात आणि धुरावरून इंधनाचा हिशेब काढतात. साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांच्या या चाचणीत वजन धरतात ते रिकाम्या गाडीचं, त्यात १५० किलो मिळवून. म्हणजे दीड टन वाहण्यासाठी बनवलेल्या गाडीचं ॲव्हरेज जवळजवळ रिकाम्या गाडीवर मोजलेलं असतं. त्यात वडखळची कोंडी नाही, खड्डा नाही, ताडपत्री नाही. दोन गाड्यांची ढोबळ तुलना करायला तो आकडा चालेल, भाडं ठरवायला नाही.

खरं ॲव्हरेज काढायची रीत जुनीच आहे. टाकी फुल्ल करा, किलोमीटरचा आकडा लिहा, काम करा, मग त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, चार-पाच टाक्यांची बेरीज करा. वहीत आणखी दोन रकाने ठेवा: जाताना किती किलो माल होता आणि येताना किती. हे दोन रकाने नसतील तर बाकीचे आकडे मुके आहेत.

इथे एक चूक हमखास होते. गाडी भरून जाताना ११ देते आणि रिकामी येताना १५, म्हणून सरासरी १३ धरली जाते. रोह्याहून वाशीचं मार्केट शंभर किलोमीटर धरा. जाताना ९.१ लिटर, येताना ६.७ लिटर, एकूण १५.८. दोनशे किलोमीटरला १५.८ लिटर म्हणजे १२.७. फरक लहान दिसतो, पण तो नेहमी आपल्या तोट्याच्या बाजूला असतो. दोन ॲव्हरेजची सरासरी काढू नये. लिटरची बेरीज करावी आणि मग भागावं.

आता गाड्यांकडे वळू. २००५ मध्ये टाटा एस आली तेव्हा तिच्यात ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं आणि पाऊण टन माल जायचा. गल्लीबोळात शिरणारी, कमी खाणारी गाडी म्हणून लोकांनी तिला छोटा हत्ती केलं. तिच्या वरच्या पायरीवर २०११ ची अशोक लेलँड दोस्त आणि २०१९ ची टाटा इंट्रा येतात. दोन्ही बहुतेक मॉडेलांत दीड लिटरच्या आसपासच्या इंजिनाच्या, टन-सव्वा टन ते दीड टन वाहणाऱ्या. त्याही वर महिंद्राची बोलेरो पिकअप, अडीच लिटरचं इंजिन, आणि मॉडेलप्रमाणे सव्वा टनापासून पुढे. कोकणातल्या चढांवर बोलेरो एवढ्या संख्येने का दिसते, ते तिच्या इंजिनाच्या आकारातच आहे. मात्र इंजिन मोठं असलं की स्वतःला फिरवायलाच ते जास्त डिझेल जाळतं, आणि हा खर्च हौद्यात पोती असोत की नसोत, सुटत नाही.

म्हणून मोठी गाडी भरली की स्वस्त पडते आणि रिकामी असली की महाग. हिशेबापुरते आकडे धरू. दोनशे किलोमीटरच्या त्याच वाशी फेरीत छोटी गाडी १८ देते आणि ७५० किलो नेते; तिला ११ लिटर लागले. मोठी १२ देते आणि दीड टन नेते. तिला साधारण १६.७ लिटर. टनामागे छोटीला जवळजवळ पंधरा लिटर पडले, मोठीला अकरा. स्टँडवर "फक्त बारा देते" म्हणून जिला नाव ठेवलं, तिनेच टनामागे चार लिटर वाचवले. पण माल पाचशे किलोच असेल तर मोठी १४ द्यायला लागली तरी तिला चौदा लिटरच्या वर डिझेल लागतं, छोटीचं अकरातच भागतं. तेव्हा वर्षभरात आपला माल बहुतेक वेळा किती असतो, हे गाडीच्या आधी ठरवावं लागतं. दिवाळीतल्या एका मोठ्या खेपेसाठी वर्षभर रिकामा हौदा फिरवण्यापेक्षा त्या दिवशी दुसऱ्याची गाडी भाड्याने घेणं परवडतं.

रस्ता हा या हिशेबातला दुसरा मोठा भाग. पनवेल ते इंदापूर महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं पेण-नागोठण्याच्या चालकांनी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये काढली. भरलेली गाडी थांबवून पुन्हा उचलायची म्हणजे प्रत्येक वेळी तीन टनांना नव्याने वेग द्यायचा. रोह्याहून नागोठण्याकडे जाताना भिसे खिंड लागते ती लहान. पेणहून खोपोलीमार्गे पुण्याला माल जात असेल तर मात्र बोरघाट मोजायलाच हवा. खोपोली ते खंडाळा चढ सुमारे पाचशे मीटरचा. तीन टनांची भरलेली गाडी तेवढी उंच न्यायला दीड कोटी ज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर डिझेलमध्ये साडेतीन कोटींहून थोडी जास्त असते आणि तिचा तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. म्हणजे नुसत्या उंचीचे सव्वा लिटर, रस्त्याचा खर्च वेगळा.

परतताना ते सव्वा लिटर वसूल होत नाहीत. न्यूट्रल टाकून घाट उतरणं तर मला अजिबात पटत नाही. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक वळणावर दगा देतो.

सपाटीवर वाऱ्याचा हिशेब सुरू होतो. ताशी ६० वरून ८० वर गेलं की वाऱ्याचा विरोध पावणेदोन पट होतो. उंच रचलेला माल आणि फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालते. ताडपत्री घट्ट बांधणं हा फुकटातला उपाय आहे.

कोणत्या मालाला कोणती गाडी, हा प्रश्न आमच्या भागात फार स्पष्ट दिसतो, कारण इथे दोन टोकांचे माल आहेत. पोती, जांभा, एमआयडीसीतले पिंप यांत हौदा अर्धा मोकळा असतानाच वजन भरतं. इथे पाटे आणि इंजिन महत्त्वाचं. पेण, हमरापूर, जोह्याच्या गणपतींचं उलट आहे. प्लास्टरच्या मूर्ती पोकळ, हलक्या. वजन निम्मंही होत नाही तोवर जागा संपते. तिथे लांब-रुंद हौदा आणि मऊ पाटे हवेत. जड मालासाठीचे कडक पाटे हलक्या ओझ्यावर दबतच नाहीत, प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट मूर्तीला बसतो आणि पेंढा घालूनही बोट किंवा सोंड दुखावते. दीड टनी गाडी "जास्त ताकदीची" म्हणून मूर्तींना चांगली, हा समज चुकीचा आहे. शाडूची मूर्ती जड असते, तिचा विचार वेगळा करावा.

सीएनजीची तुलना डिझेलच्या ॲव्हरेजशी करूच नका. सीएनजी किलोने मिळतो आणि एका किलोत लिटरभर डिझेलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने जास्त ऊर्जा असते. रुपयाला किती किलोमीटर, एवढंच पाहा. सिलिंडरचं वजनही मालातून वजा होतं: मारुती सुपर कॅरीची पेट्रोल गाडी ७४० किलो नेते, सीएनजीची ६२५. पंपावरच्या रांगेतला तासही वहीत लिहा. विजेवरची टाटा एस २०२२ मध्ये आली. सहाशे किलो माल आणि चाचणीत १५४ किलोमीटर. रोहा-धाटाव-कोलाडच्या रोजच्या फेऱ्यांना ती उत्तम, वाशीच्या फेरीला अपुरी.

जुनी गाडी घेत असाल तर मालकाचं ॲव्हरेज ऐकण्याआधी खाली वाकून मागचे पाटे मोजा. कंपनीपेक्षा एखादा पाटा जास्त दिसला, चासीवर वेल्डिंग दिसलं, तर गाडीने ओव्हरलोड ओढलेलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहे. तो आधीच्या मालकाने भरला असेल किंवा नसेल, क्लच आणि गिअरबॉक्सचा खर्च तुमच्याकडे येतो. नवी असो की जुनी, चालवून पाहताना आपलाच माल भरा आणि भिसे खिंडीतून नागोठण्यापर्यंत जाऊन या. चढाला ती दुसऱ्या गिअरमध्ये किती वेळ राहते, ते नीट पाहा.