मीन राशीच्या पलीकडे काय आहे?

गेल्या नोव्हेंबरात वेल्ह्याजवळच्या एका वस्तीवर आम्ही रविवारच्या वंदनेला गेलो होतो. वंदना झाली आणि वीज गेली. तोरण्याच्या बाजूला मिट्ट काळोख, वर चांदण्यांचा खच. दहावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, मीन रास कुठं असती ओ?"

चौकशी केली तेव्हा कळले की तिच्या थोरल्या बहिणीची सोयरीक ठरता ठरता पाव्हण्यांनी गुपचूप पत्रिका दाखवली, आणि मुलीच्या मीन राशीवर घोडे अडले. घरात बाबासाहेबांचा फोटो, दारावर पंचशील, आणि खिशात पत्रिका! राग आला, पण तिला आम्ही आधी रास दाखवली. डोक्यावरच्या चार ताऱ्यांच्या मोठ्या चौकोनाखाली थोडे फिकट तारे, तीच मीन.

याच दिशेला, त्या ताऱ्यांच्या कितीतरी मागे, पुण्याच्या शास्त्रज्ञांना 2017 साली एक प्रचंड रचना सापडली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या 'आयुका' संस्थेचे जयदीप बागची, 'आयसर'चे शिशिर सांख्यायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधली. आपल्या आकाशगंगेसारख्या असंख्य दीर्घिकांचे किमान 43 समूह तिथे एका साखळीत आहेत. लांबी 60 कोटी प्रकाशवर्षे, वस्तुमान सुमारे 2 कोटी अब्ज सूर्यांइतके. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. नाव ठेवले 'सरस्वती'. हे नाव आम्हाला रुचले नाही, पण शोध खरा आहे.

आकाश तर सपाट छतासारखे दिसते, मग कोण जवळ, कोण लांब हे कळते कसे? वरंधा घाटात समोरून येणाऱ्या एसटीच्या हॉर्नचा आवाज बारीक असतो, गाडी पुढे निघून गेली की तोच जाडा होतो. प्रकाशाचेही काहीसे तसेच. दीर्घिकेचा प्रकाश लोलकातून पाहिला की रंगपट्ट्यात ठराविक जागी रेघा दिसतात. दीर्घिका लांब जात असेल तर त्या तांबड्या रंगाकडे सरकतात. घाटात गाडी पळते, इथे मात्र मधले अवकाशच ताणले जाते. जितकी दीर्घिका दूर तितका तिचा वेग जास्त, हे हबल यांनी 1929 साली दाखवले. म्हणून रेघ किती सरकली ते मोजले की अंतर निघते.

अशा लाखो दीर्घिकांची मोजणी अमेरिकेतल्या स्लोन सर्वेक्षणाने केली. त्यासाठी अॅल्युमिनियमच्या ताटल्यांना प्रत्येकी 640, पुढे 1000 भोके पाडत, आणि प्रत्येक भोकात प्रकाशतंतू कामगार हाताने खोचत. एवढ्या मोठ्या विद्येचा पाया हातकामावर! ही माहिती सर्वांना खुली आहे. पुण्याच्या मंडळींनी तीच चाळली.

नकाशा मांडला तेव्हा विश्व जाळ्यासारखे निघाले. धाग्यांवर दीर्घिका, मध्ये ओसाड पोकळ्या. समूहांतल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरतात, की दिसणाऱ्या पदार्थाच्या ओढीने त्या एकत्र टिकल्याच नसत्या. तिथे न दिसणारे द्रव्यही असले पाहिजे, हे झ्विकी यांनी 1933 सालीच म्हटले होते. ते द्रव्य नेमके काय, हे अजून कोणाला ठाऊक नाही, आणि शास्त्रज्ञ तसे उघड सांगतात. पत्रिका पाहणारा असे कधी म्हणाल्याचे आम्ही ऐकले नाही.

'सरस्वती'चा जो प्रकाश आज पोहोचतो तो सुमारे 400 कोटी वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता, रास नव्हती आणि लग्नही नव्हते. मीन राशीचे तारेसुद्धा एकमेकांपासून कमीजास्त अंतरावर आहेत, फक्त इथून पाहताना एका रांगेत वाटतात.

तेवढ्यात वीज आली. मुलगी म्हणाली, "काका, हे कागदावर लिहून द्या. पाव्हणे पुन्हा येणार हायती, त्यांना वाचून दाखवते." भोरला परतल्यावर त्याच रात्री लिहायला बसलो, तो हा कागद.