चाक किती बाहेर घ्यावे?

पावसाळ्यात कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर चिखल होतो. तिथे जिप्सीसारखी चारही चाकांना जोर देणारी छोटी गाडी उपयोगी पडते. चिखलात पकड मिळावी म्हणून रुंद टायर बसवले, तर ते आतल्या बाजूला स्प्रिंगच्या पाट्यांना घासू लागतात. मग चाक थोडे बाहेर घ्यावे लागते. ते किती घ्यावे, हे आपल्याला शाळेतल्या भौतिकशास्त्राने ठरवता येते.

रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून जाणारे एक उभे प्रतल कल्पू. रिमचा जो सपाट भाग हबवर टेकवून नट आवळतात, त्याचे या प्रतलापासूनचे अंतर म्हणजे 'ऑफसेट'. हा भाग प्रतलाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट धन, आतल्या अंगाला असेल तर ऋण. समजा, +१० मिमीऐवजी −१० मिमी ऑफसेटची रिम बसवली. प्रत्येक चाक २० मिमी बाहेर येईल आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर ४० मिमीने वाढेल.

याचा फायदा काय? चाकांतले अंतर १३०० मिमी आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिमी धरू. ६५० भागिले ७०० हे ज्या कोनाचे टॅन्जन्ट, त्या कोनाइतक्या आडव्या उतारावर गाडी कलंडू लागेल. हा कोन सुमारे ४२.९ अंश येतो. चाके बाहेर घेतल्यावर तो ४३.७ अंश होतो. म्हणजे लाभ जेमतेम एका अंशाचा.

आता तोटा पाहू. एका चाकावर ३००० न्यूटन भार असेल, तर २० मिमी सरकल्यामुळे हबच्या बेअरिंगवर ६० न्यूटन-मीटर जादा आघूर्ण येते. शिवाय पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूत मिळतो. तिथून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर आधी १० मिमी असेल, तर आता ते ३० मिमी होईल. दगडाचा धक्का तोच, पण स्टिअरिंगला बसणारा हिसका तिप्पट!

मारुती कंपनीने १९८५ साली जिप्सी बाजारात आणली आणि १९९३ साली तिच्या चाकांतले अंतर ९० मिमीने वाढवले. त्यासाठी आसच अधिक रुंद केले. आस रुंद केला की चाकाबरोबर बेअरिंगही बाहेर सरकते आणि जादा आघूर्ण येत नाही. नुसती रिम बदलून हे साधत नाही. म्हणून टायर कुठे घासणार नाही इतकेच चाक बाहेर घ्यावे. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून त्याहून अधिक नको.

विद्यार्थ्यांना ऑफसेट मोजता येईल. पंक्चरच्या दुकानातली टायर उतरवलेली रिम मागची कड वर करून ठेवा. कडेवर काठी आडवी ठेवून हबवर टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजा. तीतून रिमच्या कडेपासून कडेपर्यंतच्या रुंदीचा निम्मा भाग वजा करा. खोली ९५ मिमी आणि रुंदी १७० मिमी असेल, तर ऑफसेट किती?