पाहुण्याचें ताट

नव्या शहरांत राहावयास गेलेल्या माणसाकडे गांवाकडचा पहिला मित्र येतो, तेव्हां यजमानाची मोठी तारांबळ उडते. खोली लहान, भांडीं मोजकीं, महिनाअखेर जवळ आलेली. आणि अशा वेळीं ‘याला जेवावयास काय घालावें?’ हा प्रश्न पुढें उभा राहतो. श्रोतेहो, मला वाटतें, यजमान येथेंच चुकतो. मित्र जेवावयास येतो, तसा पाहावयासही येतो. तो परत गेला, कीं आपल्या घरचीं माणसें त्याला पहिली गोष्ट विचारणार ती हीच, कीं तो तिकडे जेवतो कोठें?

मी १९७९ सालीं कोंकणांतून परळला आलों. चार महिन्यांनीं माझा बाळपणचा मित्र आला. आईनें त्याच्या हातीं कुळथाचें पीठ आणि आमसुलें दिलीं होतीं. मीं त्याला मोठ्या ऐटीनें एका हॉटेलांत नेलें आणि ज्यांचीं नांवें दोघांनाही नीट उच्चारतां येत नव्हतीं असे पदार्थ मागविले. तो मुकाट्यानें जेवला. बाहेर आल्यावर म्हणाला, “जेवण चांगलें होतें रे. पण काकूंना काय सांगूं? रोज असेंच जेवतोस?” मला उत्तर देतां आलें नाहीं. दुसरे दिवशीं मीं त्याला माझ्या खानावळींत नेलें.

ही खानावळ म्हणजे काय, तें आतां थोडें सांगावयास हवें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईंत कापडाच्या गिरण्या वाढल्या. कोंकणांतून आणि घाटावरून आलेले पुरुष बायकामुलांना गांवीं ठेवून लालबाग-परळच्या चाळींतून राहूं लागले. एकेका खोलींत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण. गिरणीच्या पाळीप्रमाणें आळीपाळीनें निजावयाचें. तेथें चूल कोण मांडणार? तेव्हां आपल्याच मुलखांतली एखादी बाई रांधी आणि महिन्याच्या बोलीवर दोन्ही वेळां वाढी. कोंकण्याला भात आणि माशांचें कालवण, घाटावरच्याला भाकरी. जेवण चुकलें तर खाडा लिहिला जाई; पाहुणा आला तर त्याचें ताट हिशेबांत चढे. या बायका सावकाराच्या व्याजांत पार बुडालेल्या असत. त्यांना बँकेचें कर्ज मिळावें म्हणून प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. पुढें १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर बहुतेक खानावळीही गेल्या.

अर्थात् आपल्या ताटाची बातमी घरीं पोंचावी, असें सर्वांनाच वाटतें असें नाहीं. १८४९ सालीं मुंबईंत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदि मंडळींनीं परमहंस सभा काढली. जातिभेद मोडावा हा तिचा हेतु. सभासद होणाऱ्यानें ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयाचा आणि मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावयाचें. पण सारें गुपचूप. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादी चोरीस गेली, आणि सभा मोडली. त्या मंडळींना भित्रीं म्हणून हंसणें सोपें आहे. परंतु पावाच्या तुकड्यापायीं बहिणीचें लग्न अडेल, आपले लोक पंक्तीला बसूं देणार नाहींत, ही टांगती तलवार ज्याच्या मानेवर होती, त्यालाच त्या घासाची किंमत ठाऊक. पुढें इराण्याच्या संगमरवरी टेबलाशीं कोणीही कोणाच्या शेजारीं बसून उघडपणें पाव खाऊं लागला. खानावळींतून मात्र जात आणि मुलूख पुष्कळ दिवस टिकून राहिले, हेंही सांगितलें पाहिजे.

आज पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीसाठीं गेलेला मुलगा मोबाइलवरून जेवण मागवितो. मित्र आला, कीं अधिक मागवितो. स्वयंपाकघरांत एकच पातेलें आहे, हें त्यामुळें झांकलें जातें. मला हें पटत नाहीं. त्या एका पातेल्यांत खिचडी टाकावी आणि पाहुण्याला खुशाल कांदा चिरावयास बसवावें. कांदा चिरतांना माणूस जितका बोलतो, तितका आयत्या ताटावर बोलत नाहीं. दह्याला विरजण शेजारच्या घरून आणलें असेल, तर तेंही त्याला सांगावें. नव्या गांवीं आपल्याला कोणी विरजण देतें, ही बातमी पगाराच्या आंकड्याहून घरच्यांना अधिक कळते.

माझ्या मित्राला खानावळीच्या मावशींनीं माझ्याशेजारीं पाट मांडून बसविलें आणि न विचारतां दुसऱ्यांदा भात वाढला. तो नको-नको म्हणत होता, तरी वाढला. आठ दिवसांनीं आईचें पत्र आलें. त्यांत हॉटेलाचा उल्लेखही नव्हता. त्या मावशी मूळच्या कोणत्या गांवच्या, एवढेंच तिनें विचारलें होतें.